संख्यावाचक नावे आणि बदलती सदस्यसंख्या: अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल-परिषदांचा तौलनिक विचार

२०२४ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, तेव्हा ‘बिग टेन’ म्हणजे ‘मोठे दहा’ ह्या नावाच्या परिषदेत अठरा विद्यापीठे होती. ‘बिग ट्वेल्व्ह’ म्हणजे ‘मोठे बारा’ ह्या परिषदेत सोळा होती. अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावरून जिला नाव मिळाले, त्या ‘अटलांटिक कोस्ट’ परिषदेत पॅसिफिक किनाऱ्याजवळची दोन विद्यापीठे नुकतीच दाखल झाली होती. ‘पॅसिफिक ट्वेल्व्ह’ परिषदेत तर बारांपैकी दोनच सदस्य उरले होते. चारही नावे वस्तुस्थितीशी अशी विसंगत झालेली असताना एकाही परिषदेने आपले नाव बदलले नाही.

शब्दातील संख्या लोपावी आणि शब्द मात्र टिकावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. सप्टेंबर ह्या महिन्याच्या नावात ‘सात’ ही संख्या आहे, पण तो महिना आज नववा आहे. ‘पंचायत’ ह्या शब्दात पाच आहेत. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीत मात्र सातांपासून सतरांपर्यंत सदस्य असतात. क्रिकेटच्या मैदानावर एकटाच उभा असलेला निर्णयकर्ता ‘पंच’ म्हणवतो आणि त्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही. तथापि ह्या उदाहरणांत आणि अमेरिकन परिषदांच्या नावांत एक महत्त्वाचा भेद आहे. ‘पंच’ शब्दातील संख्या दीर्घ काळात, कोणाच्याही निर्णयावाचून, बोलणाऱ्यांच्या नकळत पुसट झाली. अमेरिकन परिषदांच्या नावांत हा बदल मुख्यतः गेल्या पस्तीस वर्षांत घडला, आणि तो ठरवून, सर्वांच्या देखत, करारांच्या कागदांवर घडला. त्याचे कारण शोधू लागले असता भाषेच्या क्षेत्रातून बाहेर पडून दूरचित्रवाणीच्या अर्थकारणात शिरावे लागते. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

१. परिषद म्हणजे काय?

अमेरिकेत ‘फुटबॉल’ ह्या नावाने ओळखला जाणारा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी वेगळा आहे. त्यातील चेंडू लंबगोल असतो आणि बहुतेक वेळ तो पायाने न मारता हातात धरून नेला किंवा फेकला जातो. ह्या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या दोन संस्थांत झाल्याचे मानले जाते. व्यावसायिक संघ पुढे आले, तरी अनेक राज्यांत लोकांची मुख्य निष्ठा आजही आपल्या विद्यापीठाच्या संघाकडेच असते. आठवड्याच्या शनिवारी एकेका मैदानावर लाखभर प्रेक्षक जमणे ही तेथे नित्याची गोष्ट आहे.

ही विद्यापीठे ज्या गटांत विभागलेली असतात त्यांस ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ह्या शब्दाला ‘संघ’ हा मराठी पर्याय सुचण्याजोगा असला, तरी येथे ‘परिषद’ हाच शब्द योजला आहे आणि त्याला कारण आहे. १८९५ च्या जानेवारीत मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांचे प्रमुख शिकागो येथे एकत्र आले. खेळाडू म्हणून मैदानात उतरणारा तरुण खरोखर विद्यार्थी आहे की पैसे देऊन आणलेला आहे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पुढील वर्षी त्या विचारविनिमयातून जी संस्था स्थापन झाली तिचे नाव ‘अध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद’ असे होते. म्हणजे ही परिषद मुळात खेळाडूंची नव्हती, संघांचीही नव्हती. खेळाला मर्यादा घालण्यासाठी जमलेल्या प्राध्यापकांची ती बैठक होती. ह्याच संस्थेला आज ‘बिग टेन’ म्हणतात.

सदस्य निवडताना शेजार हा साहजिकच पहिला निकष होता. रेल्वेने जाऊन सामना खेळून सोमवारच्या वर्गाला परत येता यावे, इतकेच अंतर परवडत असे. एकाच प्रदेशातील, बहुधा एकाच प्रकारच्या शेतीवर आणि उद्योगांवर वाढलेली ही विद्यापीठे वर्षानुवर्षे परस्परांशी खेळत राहिली. त्यांतून मिशिगन आणि ओहायो स्टेट, किंवा ओक्लाहोमा आणि नेब्रास्का, अशी वैरे जन्मली. ती वैरे म्हणजे एका अर्थी नातीच होत.

येथे नावांसंबंधी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘बिग टेन’ हे नाव मुळात लोकांनी आणि वृत्तपत्रांनी दिलेले आहे. १९१७ मध्ये मिशिगन विद्यापीठ परिषदेत परत आले, सदस्य दहा झाले, आणि हे नाव रूढ झाले. १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठ बाहेर पडले तेव्हा सदस्य नऊ राहिले. वृत्तपत्रांनी लगेच ‘बिग नाइन’ म्हणण्यास प्रारंभ केला. १९४९ मध्ये मिशिगन स्टेटला प्रवेश मिळाला आणि ‘बिग टेन’ हे नाव परत आले. मिसुरी नदीच्या परिसरातील दुसरी एक परिषद अशीच ‘बिग सिक्स’ची ‘बिग सेव्हन’ आणि ‘बिग सेव्हन’ची ‘बिग एट’ झाली. पॅसिफिक किनाऱ्यावरील परिषदेने तर १९६८ मध्ये आठ, १९७८ मध्ये दहा आणि २०११ मध्ये बारा अशी आपल्या नावातील संख्या बदलत नेली. म्हणजे त्या काळी नाव हे वर्णन होते. वस्तू बदलली की वर्णन बदलत असे.

ह्याउलट १९९० मध्ये पेन स्टेट विद्यापीठाला बिग टेनमध्ये प्रवेश मिळून सदस्य अकरा झाले, तेव्हा नाव बदलले नाही. नव्या बोधचिन्हात अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत ‘११’ हा आकडा लपवण्यात आला, एवढेच. १९४९ मध्ये जे नाव वर्णन होते ते १९९० मध्ये मालमत्ता झाले होते. ह्या दोन वर्षांच्या दरम्यान जी घटना घडली तिच्याकडे आता वळले पाहिजे.

२. १९८४ चा निर्णय

दूरचित्रवाणीचा प्रसार होऊ लागला तेव्हा महाविद्यालयांना तिची भीती वाटत होती. घरबसल्या सामना दिसू लागला तर तिकीट काढून मैदानावर कोण येणार, ही ती भीती. म्हणून देशातील महाविद्यालयीन क्रीडांचे नियमन करणाऱ्या मध्यवर्ती संघटनेने, नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनने, १९५० च्या दशकाच्या आरंभापासून सर्व प्रक्षेपणाचे नियंत्रण आपल्या हाती घेतले. कोणत्या आठवड्यात कोणता सामना दाखवायचा आणि त्याचे किती पैसे द्यायचे, हे तीच ठरवी.

१९८२ ते १९८५ ह्या काळासाठी तिने एबीसी आणि सीबीएस ह्या दोन कंपन्यांशी मिळून २६ कोटी ३५ लाख डॉलरचे करार केले. कोणत्याही विद्यापीठाचा संघ दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर येता कामा नये, असा नियम होता. ह्या व्यवस्थेतील समतेचे एक उदाहरण पुढे न्यायालयासमोर आले. १९८१ मध्ये एकाच दिवशी ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया हा बलाढ्य संघांचा सामना सुमारे दोनशे केंद्रांवरून दाखवला गेला, आणि सिटाडेल विरुद्ध ॲपलाचियन स्टेट हा लहान संस्थांचा सामना अवघ्या चार केंद्रांवरून. चारही संस्थांना रक्कम मात्र सारखीच मिळाली.

हे ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ह्या विद्यापीठांना मान्य नव्हते. त्यांनी दावा लावला आणि २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, मध्यवर्ती संघटनेची ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी आहे. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती स्टीव्हन्स ह्यांनी लिहिला. विरुद्ध मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. विद्यापीठांच्या खेळाला निव्वळ व्यापार मानून हा कायदा लावणे त्यांना पटले नव्हते.

निर्णयाचा अर्थ असा की, सामने दाखवण्याचा हक्क विकण्याचे स्वातंत्र्य विद्यापीठांना मिळाले. परंतु एकट्या विद्यापीठाला हा सौदा फायद्याचा पडणे कठीण होते. १९९१ पासून एनबीसीशी स्वतंत्र करार करून नोत्र दाम विद्यापीठाने ते साधले, पण ते अपवादच ठरले. इतरांना गट करून विकणेच सोयीचे होते आणि गट तर आधीपासून तयार होते. अशा रीतीने प्राध्यापकांच्या विचारविनिमयासाठी जन्मलेली ‘परिषद’ प्रक्षेपणहक्कांची विक्री करणारी पेढी झाली. शब्द तोच राहिला. त्याचा अर्थ बदलला.

३. संख्येला आलेले मोल

पेढीने आपला माल वाढवावा हे ओघानेच आले. १९८७ च्या एका नियमाचा येथे अनपेक्षित उपयोग झाला. बारा सदस्य असलेल्या परिषदेने दोन विभाग पाडून विभागविजेत्यांत एक जादा सामना खेळवावा, अशी मुभा त्यात होती. दक्षिणेकडील साउथईस्टर्न परिषदेने अर्कान्सॉ आणि साउथ कॅरोलिना ह्यांना घेऊन आपली संख्या दहांवरून बारांवर नेली आणि १९९२ मध्ये असा पहिला अजिंक्यपदाचा सामना भरवला. त्याच्या प्रक्षेपणाचे उत्पन्न पाहून इतरांचेही लक्ष ‘बारा’ ह्या संख्येकडे गेले. बिग एटमधील आठ आणि मोडकळीस आलेल्या साउथवेस्ट परिषदेतील टेक्ससची चार विद्यापीठे मिळून १९९६ पासून ‘बिग ट्वेल्व्ह’ खेळू लागली. तिच्या नावातील बारा हे त्या दिवशी खरोखरच बारा होते.

दुसरे कारण केबल वाहिन्यांचे. बिग टेन परिषदेने फॉक्स कंपनीच्या भागीदारीत २००७ मध्ये स्वतःची वाहिनी काढली. अशा वाहिनीचे उत्पन्न प्रेक्षकांवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक वर्गणीदारांवर असते. परिषदेचे विद्यापीठ ज्या राज्यात आहे तेथील प्रत्येक केबलधारकाच्या मासिक वर्गणीतून काही रक्कम वाहिनीला मिळते, मग त्याने सामना पाहिलेला असो वा नसो. हे गणित समजले म्हणजे २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स ह्या दोन विद्यापीठांना बिग टेनने का घेतले ते उलगडते. त्यांच्या संघांचा पराक्रम हे त्याचे मुख्य कारण नव्हते. एकाच्या परिसरात वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर होते, दुसऱ्याच्या परिसरात न्यूयॉर्क.

ह्या उलाढालीत २०११ ते २०१४ ह्या काळात एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. नेब्रास्का आल्यामुळे ‘मोठे दहा’ बारा झाले आणि चार सदस्य जाऊन दोन आल्यामुळे ‘मोठे बारा’ दहा उरले. दोन्ही परिषदांनी केवळ नावांची अदलाबदल केली असती, तरी दोन्ही नावे खरी ठरली असती. तशी सूचना विनोदाने होत राहिली, पण प्रत्यक्षात ते अशक्य होते, कारण नाव आता करारात नमूद झालेली विक्रीयोग्य वस्तू होते.

४. चार परिषदांची तुलना

आजच्या चार प्रमुख परिषदांची तुलना करताना सामन्यांतील जय-पराजय हा निकष अपुरा पडतो. उत्पन्न किती, त्याची वाटणी कशी, आणि करार कधी संपतो, हे तीन प्रश्न अधिक उपयोगी आहेत.

बिग टेन परिषदेने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी ह्या तीन कंपन्यांशी सात वर्षांचे करार केले. त्यांची एकूण किंमत सात अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. मुदत २०३० पर्यंतची आहे. २०२२–२३ ह्या आर्थिक वर्षात ह्या परिषदेने आपल्या बहुतेक सदस्यांना प्रत्येकी सुमारे सहा कोटी डॉलर वाटले. तिचे बळ मोठ्या शहरांत आणि मोठ्या विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांत आहे.

साउथईस्टर्न परिषद १९३२ मध्ये स्थापन झाली. आपल्या नावाशी तीच त्यातल्या त्यात प्रामाणिक राहिली आहे, जरी २०२४ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यानंतर ‘आग्नेय’ ही दिशा बरीच पश्चिमेकडे ताणली गेली. त्या वर्षापासून तिचे प्रक्षेपण दहा वर्षांसाठी ईएसपीएनकडे आणि तिच्याच कुळातील एबीसीकडे गेले. त्यापूर्वी सीबीएस ज्या मुख्य सामन्यांसाठी वर्षाला सुमारे साडेपाच कोटी डॉलर देत असे, त्यांच्यासाठी नवा दर सुमारे तीस कोटी असल्याचे सांगितले जाते. २०२२–२३ मध्ये तिची सरासरी वाटणी पाच कोटींच्या वर होती. बिग टेनपेक्षा तिच्या प्रदेशात मोठी शहरे कमी आहेत, परंतु घरोघरी सामना पाहण्याची आस्था अधिक आहे. म्हणजे पहिली परिषद वस्ती विकते आणि दुसरी निष्ठा विकते, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

त्याच वर्षी अटलांटिक कोस्ट आणि बिग ट्वेल्व्ह ह्यांची वाटणी साडेचार कोटींच्या आसपास होती. वरवर पाहता ह्या दोन परिषदा सारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांची स्थिती परस्परविरुद्ध आहे. अटलांटिक परिषदेने ईएसपीएनशी २०३६ पर्यंतचा लांबलचक करार केला आणि स्थैर्य मिळवले. मात्र पुढे दर वाढत गेले आणि जुन्या दरात अडकल्याची भावना तिच्याच बलाढ्य सदस्यांत बळावली. बिग ट्वेल्व्हने, टेक्सस आणि ओक्लाहोमा जाणार हे ठरल्यावरही, २०२२ च्या ऑक्टोबरात ईएसपीएन आणि फॉक्सशी सहा वर्षांचा, सुमारे २२८ कोटी डॉलरचा करार त्वरेने करून घेतला. तो २०२५ पासून २०३१ पर्यंत चालतो. रक्कम पहिल्या दोन परिषदांच्या मानाने माफक होती, पण ती हातात होती. ह्या त्वरेचा परिणाम पॅसिफिक किनाऱ्यावर लवकरच दिसून आला.

वाटणीच्या पद्धतीतही भेद पडत चालला आहे. परिषदेतील सर्वांना सारखा वाटा हे जुने तत्त्व होते. २०२४ मध्ये बिग टेनमध्ये आलेल्या ऑरेगन आणि वॉशिंग्टन ह्यांना प्रारंभी सुमारे अर्धा वाटा मिळतो. अटलांटिक परिषदेत आलेल्या स्टॅनफर्ड आणि बर्कली ह्यांनी सुमारे तीस टक्के वाटा पत्करला, तर डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या वाट्यावर पाणी सोडून प्रवेश मिळवला. एकाच परिषदेत पूर्ण, अर्धे आणि शून्य वाट्याचे सभासद असावेत, ही शेजाऱ्यांच्या बैठकीत न बसणारी कल्पना पेढीच्या व्यवहारात सहज बसते.

५. पॅसिफिक परिषदेचे विघटन

पॅसिफिक किनाऱ्यावरील परिषदेचा इतिहास १९१५ पर्यंत मागे जातो. २०११ मध्ये तिने बारा वर्षांसाठी तीन अब्ज डॉलरचा करार केला, तेव्हा तो सर्वांत मोठ्या करारांपैकी एक होता. २०१२ मध्ये तिने आपली वाहिनीही काढली. इतर परिषदांनी दूरचित्रवाणी कंपन्यांशी भागीदारी केली असता हिने मात्र वाहिनीची संपूर्ण मालकी स्वतःकडे ठेवली. नफा वाटावा लागू नये हा हेतू. परिणाम असा की, वाहिनीचा प्रसार करण्यात कोणत्याही बड्या कंपनीला स्वारस्य राहिले नाही. डायरेक्टटीव्ही ह्या मोठ्या उपग्रह-सेवेने ती अखेरपर्यंत घेतली नाही. २०२२–२३ मध्ये प्रत्येक सदस्याच्या वाट्याला साडेतीन कोटींहून कमी आले.

३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिस येथील दोन्ही विद्यापीठांनी, सदर्न कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची तेथील शाखा ह्यांनी, बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. उरलेल्या दहांचा जुना करार २०२४ मध्ये संपणार होता. त्यांनी नव्या कराराची वाटाघाटी वर्षभर चालवली. तोवर इतर परिषदांचे करार झाले होते आणि कंपन्यांचे अंदाजपत्रक बरेचसे गुंतले होते. अखेरीस २०२३ च्या ऑगस्टात जो मुख्य प्रस्ताव हाती आला तो ॲपलचा होता: सामने वाहिनीवर न दाखवता वर्गणी भरणाऱ्यांना इंटरनेटवरून दाखवायचे, आणि वर्गणीदार वाढतील तशी रक्कम वाढवायची. म्हणजे निश्चित रकमेऐवजी भविष्याचा अंदाज.

तत्पूर्वी जुलै महिन्यातच कोलोरॅडोने बिग ट्वेल्व्हमध्ये परतण्याचा निर्णय घेतला होता. ४ ऑगस्ट २०२३ ह्या एका दिवसात ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्हकडे गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली ह्यांना अटलांटिक परिषदेने घेतले. शतकाहून अधिक काळ चाललेली परिषद अशा रीतीने काही आठवड्यांत रिकामी झाली.

मागे राहिली ती ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन विद्यापीठे. त्यांचे संघ गेलेल्यांपैकी कित्येकांहून कमी प्रतीचे नव्हते. परंतु एक विद्यापीठ कॉर्व्हॅलिस ह्या छोट्या गावी आहे आणि दुसरे पुलमन येथे, गव्हाच्या शेतांनी वेढलेले. भोवती मोठे शहर नाही, म्हणून मोठी बाजारपेठ नाही. ह्या दोघांनी परिषदेच्या कारभाराचा हक्क आपल्याकडे राहावा म्हणून न्यायालयात धाव घेतली आणि तो मिळवला. नावही त्यांनी सोडले नाही. ‘पॅसिफिक ट्वेल्व्ह’ हे नाव दोघांचीच परिषद चालवीत राहिली, कारण नावाबरोबर ठेव, करारांतील येणे आणि प्रमुख परिषद म्हणून असलेली ओळख हे सर्व जोडलेले होते. किमान आठ सदस्यांची अट दोन वर्षांत पुरी करण्याची सवलत नियमांत होती. त्यानुसार बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट इत्यादी नव्या सदस्यांचा प्रवेश २०२६ च्या जुलैपासून ठरवण्यात आला.

६. मुदत आणि अनिश्चितता

पॅसिफिक आणि अटलांटिक ह्या दोन परिषदांतील असंतोष सारख्याच स्वरूपाचा होता. मग एक फुटली आणि दुसरी टिकली, असे का व्हावे? ह्याचे उत्तर हक्कांच्या हस्तांतरपत्रात आहे. ह्या पत्राने प्रत्येक विद्यापीठ आपल्या मैदानावरील सामने दाखवण्याचा हक्क ठरावीक वर्षापर्यंत परिषदेच्या हवाली करते. मध्येच परिषद सोडली तरी हक्क परिषदेकडेच राहतात, म्हणजे जाणाऱ्याजवळ विकायला काही उरत नाही. पॅसिफिक परिषदेचे पत्र २०२४ मध्ये करारासह संपत होते. अटलांटिक परिषदेचे पत्र २०३६ पर्यंतचे होते. एकीच्या दाराची कडी निघाली होती, दुसरीच्या दाराला कुलूप होते.

त्या कुलपावरही आघात झाले. फ्लोरिडा स्टेटने २०२३ च्या डिसेंबरात आणि क्लेमसनने २०२४ च्या मार्चमध्ये परिषदेविरुद्ध दावे लावले. २०२५ च्या मार्चमध्ये तडजोड झाली. उत्पन्नाचा काही भाग प्रेक्षकसंख्येच्या प्रमाणात वाटावा आणि बाहेर पडण्याचा दंड वर्षागणिक कमी होत जावा, असे ठरले. २०३०–३१ मध्ये तो साडेसात कोटी डॉलरवर येईल. हे वर्ष योगायोगाने निवडलेले दिसत नाही. बिग टेनचा करार २०३० मध्ये, बिग ट्वेल्व्हचा २०३१ मध्ये संपतो. पुढील स्थलांतराचा हंगाम कधी येईल, हे संघांच्या कामगिरीवरून सांगता येत नाही. करारांच्या तारखांवरून मात्र बरेचसे सांगता येते.

तोवर प्रक्षेपणाचे स्वरूप काय असेल, हा त्याहून कठीण प्रश्न आहे. केबलचे वर्गणीदार घटत आहेत. ईएसपीएनने २०२५ च्या ऑगस्टात केबलवाचून थेट ग्राहकाला आपली सेवा विकण्यास प्रारंभ केला. सामना न पाहणाऱ्याचीही वर्गणी मिळत होती तोवर रटगर्सच्या भोवतीचे न्यूयॉर्क मोलाचे होते. पाहणारा तेवढाच पैसे देणार असेल, तर शहराच्या वस्तीपेक्षा चाहत्यांच्या निष्ठेला किंमत येईल आणि आज केलेल्या कित्येक निवडी उद्या महागात पडतील. खर्चाच्या बाजूसही नवा भार पडला आहे. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली; २०२५–२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. खेळाडूंना पैसे देऊन आणले जाऊ नये, ह्यासाठी १८९५ मध्ये शिकागोला बैठक भरली होती, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

ह्या उलथापालथीची झळ फुटबॉलपटूंना कमी लागते. त्यांचे सामने आठवड्यातून एकदा आणि हंगामात डझनभरच असतात. परंतु परिषद बदलते ती बहुधा विद्यापीठाच्या सर्व खेळांसाठी. लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या विद्यार्थिनीला रटगर्सपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागतो, आणि तिच्या सामन्यासाठी हा करार झालेला नसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन शाखांचे उदाहरण तर बोलके आहे. लॉस एंजेलिसची शाखा गेल्यामुळे बर्कलीचे नुकसान झाले, म्हणून दोहोंच्या सामाईक नियामक मंडळाने पहिलीने दुसरीला तीन वर्षे दरसाल एक कोटी डॉलर द्यावेत असे ठरवले. वृत्तपत्रांनी ह्या रकमेसाठी ‘पोटगी’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दात बर्कलीचे टोपणनाव मिसळून ‘कॅलिमनी’ असा नवा शब्द घडवला. नव्या नात्यांना शब्द लागतात. हा शब्द काडीमोडाच्या परिभाषेतून यावा, हे अर्थपूर्ण आहे.

७. उपसंहार

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. १९८४ पूर्वी परिषदेचे नाव तिच्या सदस्यांचे वर्णन करीत असे, म्हणून सदस्य बदलताच ते बदले. पॅसिफिक परिषदेने हा रिवाज सर्वांत दीर्घ काळ पाळला. १९८४ नंतर नाव हे विकल्या जाणाऱ्या वस्तूचे झाले. विकत घेणाऱ्याला संख्येशी कर्तव्य नसते, ओळखीशी असते. म्हणून सदस्य बदलता येतात, नाव बदलणे परवडत नाही. ‘पंच’ शब्दातील पाच गेले तरी न्याय करण्याचे कार्य टिकले आणि त्या कार्यामुळे शब्दाला अर्थ राहिला. ‘बिग टेन’मधील दहा गेल्यावर कोणते कार्य टिकले, हा खरा प्रश्न आहे. सामने होत आहेत, प्रेक्षक येत आहेत, उत्पन्न वाढले आहे. परंतु कोणाशी खेळावे हे शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचे, ह्या अर्थाने जी ‘परिषद’ होती ती आज त्या शब्दात शोधावी लागते.

कॉर्व्हॅलिस आणि यूजीन ह्या ऑरेगन राज्यातील दोन विद्यापीठगावांत सत्तर किलोमीटरांहून कमी अंतर आहे. ऑरेगन स्टेट आणि ऑरेगन ह्या तेथील संघांचा परस्परांशी पहिला सामना १८९४ मध्ये, म्हणजे शिकागोच्या बैठकीच्याही आधी झाला. आज ते दोन वेगळ्या परिषदांत आहेत. त्यांनी एकमेकांशी खेळावे असे कोणत्याही परिषदेचा नियम सांगत नाही. वेळापत्रकात जागा मिळेल आणि दोघांची संमती होईल त्या वर्षी ते खेळतात.